शाल, श्रीफळ आणि फुटबॉल

माणूस म्हातारा झाला, ही बातमी सर्वांत उशिरा त्याला स्वतःला कळते. बायकोला ती आधी कळलेली असते, मुलांना तिच्याही आधी, आणि बसमध्ये उठून "बसा आजोबा" म्हणणाऱ्या कॉलेजच्या पोरीला तर तो पायरी चढत असतानाच कळलेली असते. या बाबतीत सरकारनं मोठी सोय करून ठेवली आहे. जन्मतारीख पाहायची, अठ्ठावन्न भरली की शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, साहेबांचं भाषण, बटाटेवडा आणि पेढा. शाळेत नाव घालताना वडिलांनी मास्तरांच्या संमतीनं जन्मतारीख वर्षभर पुढे ढकलली असेल तर बटाटेवडा वर्षभर लांबतो, एवढंच. वाद म्हणून नाही. हा माणूस काम करतो की नाही, हे तीस वर्षांत कोणी विचारलेलं नसतं. मग शेवटच्याच दिवशी कशाला विचारायचं?

फुटबॉल खेळणाऱ्याचं तसं नाही. त्याचं काम दर आठवड्याला तीस-चाळीस हजार माणसं पदरचे पैसे मोजून तपासत असतात. त्याची अठ्ठावन्नी कधी तिसाव्या वर्षी भरते, कधी पस्तिसाव्या, आणि एखाद्याची पन्नासाव्या. दाखला कुठेच नाही. त्यामुळे एखादा जुना, एके काळी डोक्यावर घेतलेला खेळाडू चेंडूपर्यंत अर्धं पाऊल उशिरा पोचायला लागला, की प्रेक्षकांत दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, आता यांनी जावं. दुसरा म्हणतो, ज्यानं एवढं दिलं त्याला असं बोलताना जीभ झडत कशी नाही? विजय मर्चंट यांच्या नावावर एक सल्ला सांगतात, की लोक 'का गेला?' असं विचारतील तेव्हाच जावं, 'का जात नाही?' असं विचारायला लागेपर्यंत थांबू नये. सल्ला सुरेख आहे. अडचण इतकीच, की हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी, एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसलेली दोन माणसं विचारत असतात.

माझी सासुरवाडी कोल्हापूरची, त्यामुळे हा वाद मला घरबसल्या ऐकायला मिळाला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोना क्लबनं लिओनेल मेस्सीला निरोप दिला, त्या आठवड्यात आम्ही तिथे होतो. तेराव्या वर्षी क्लबात आलेलं पोर चौतिसाव्या वर्षी, ६७२ गोल करून, मायक्रोफोनपुढे उभं राहून रडत होतं. क्लबचं म्हणणं, पगाराचा हिशेब नियमात बसत नाही.

"दाजी, क्लब म्हंजे काय धर्मशाळा हाय व्हय?" माझा मेव्हणा म्हणाला. "पैसा न्हाई तर न्हाई. पोरं तयार हायत की मागं."

सासरेबुवा कोपऱ्यात अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बैल थकला की बाजार दावतोस व्हय रं? उद्या मी थकलो तर कुठं न्हेऊन सोडशील?"

मेव्हणा गप्प. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि मेस्सी राहिला बाजूला, घरात कोण कोणाला काय बोललं याची वीस वर्षांची चौकशी सुरू झाली. जावई या नात्यानं मी कोणत्याच पक्षात नव्हतो. पोहे खात होतो. पण तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, की म्हाताऱ्या खेळाडूंबद्दलचा वाद हा फारसा खेळाडूंबद्दल नसतोच. जो तो आपलं वय धरून बोलत असतो. ज्याला नोकरी लागायची आहे तो म्हणतो जागा मोकळी करा, आणि ज्याला पेन्शन बसायचं आहे तो म्हणतो जरा थांबा.

मेव्हण्याची समजूत अशी, की हा वाद मेस्सीपासून सुरू झाला. तो निदान १९३८ पर्यंत मागे नेता येतो. त्यासाठी इंग्लंडातल्या स्टोक गावी जावं लागतं. हे गाव कपबश्यांचं. साहेबाचा चहा थंड होऊ नये म्हणून अख्खं गाव भट्ट्या पेटवून बसलेलं. या गावात एका न्हाव्याच्या घरी १९१५ साली स्टॅन्ली मॅथ्यूज जन्मला. बाप दिवसा लोकांच्या दाढ्या करी आणि रिंगणात उतरून मुष्टियुद्ध खेळे. म्हणजे गिऱ्हाईक पैसे बुडवण्याचा प्रश्न नव्हता. मुलगा उजव्या बगलेतून चेंडू घेऊन निघाला की समोरचा बचाववाला डावीकडे झुकायचा आणि हा उजवीकडून निघून जायचा. दर वेळी हेच. सगळ्या इंग्लंडला ठाऊक होतं तो काय करणार ते, आणि कोणालाच अडवता येत नव्हतं.

१९३८ साली या मॅथ्यूजनं क्लब सोडायचा अर्ज दिला. तेव्हा तो उणापुरा तेवीस वर्षांचा. बातमी फुटली आणि स्टोकच्या लोकांनी चक्क जाहीर सभा भरवली. सभागृहात तीन हजारांवर माणसं, जागा न मिळालेली हजारभर बाहेर रस्त्यावर फलक घेऊन उभी. एकच मागणी, मॅथ्यूज जाता कामा नये. आपल्याकडे जाहीर सभा ही पाणी, रेशन किंवा बदली करा अशा मागणीसाठी भरते. बदली करू नका म्हणून भरलेली सभा मी फक्त चांगल्या मास्तरांसाठी पाहिली आहे, आणि तीही तालुक्याच्या गावी. मॅथ्यूज राहिला.

पुढे महायुद्ध आलं, त्यात उमेदीची सहा-सात वर्षं गेली, आणि तो बत्तिशीला आला. आता त्याच गावात दुसरा पक्ष तयार झाला, आणि त्याचं पुढारीपण मॅनेजरकडे होतं. दुखापतीतून बरा होऊन मॅथ्यूज परतला तेव्हा त्याला सांगण्यात आलं, आधी राखीव संघातून खेळून दाखव. इंग्लंडच्या संघातला माणूस! म्हणजे गायन मास्तरांना "सा लावून दाखवा" म्हणण्यापैकी. शेवटी १९४७ च्या मे महिन्यात, हंगामाचे मोजके सामने उरले असताना, स्टोकनं त्याला ब्लॅकपूल क्लबला ११,५०० पौंडांना विकलं. त्या वर्षी स्टोक लीगच्या विजेतेपदाच्या दारात उभं होतं. शेवटचा सामना जिंकला असता तर अजिंक्यपद त्यांचंच होतं. तो शेफील्ड युनायटेडशी २-१ असा हरले आणि चौथे आले. गावातल्या दोन्ही पक्षांना यानंतर बोलायला किती वर्षांचा मजकूर मिळाला असेल, याची आपण कल्पनाच करावी.

ब्लॅकपूलच्या मॅनेजरनं त्याला घेताना, आणखी दोनेक वर्षं काढशील ना, असं विचारलं म्हणतात. मॅथ्यूजनं तिथे चौदा वर्षं काढली. १९५३ साली, अडतिसाव्या वर्षी, वेंब्ली मैदानावर एक लाख माणसांसमोर एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूल बोल्टनविरुद्ध ३-१ असं मागे पडलं होतं. मॅथ्यूज उजव्या बगलेतून सुटला आणि सामना ४-३ असा जिंकून आला. त्यात मॉर्टेन्सेन नावाच्या खेळाडूनं तीन गोल केले, पण इंग्लंडात त्या सामन्याला आजही 'मॅथ्यूजचा सामना' म्हणतात. मॉर्टेन्सेनच्या बायकोचं यावर काय मत होतं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. १९५६ साली युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बक्षीस पहिल्यांदाच द्यायचं ठरलं, तेही या एक्केचाळीस वर्षांच्या गृहस्थाला मिळालं.

मग ब्लॅकपूललाही तो म्हातारा वाटू लागला. त्याच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, १९६१ मध्ये, त्यांनी त्याला साडेतीन हजार पौंडांना काढून टाकलं. घेतलं कोणी? स्टोकनं! तेव्हा स्टोक दुसऱ्या डिव्हिजनमध्ये रखडत होतं. आधीच्या घरच्या सामन्याला ८,४०९ प्रेक्षक होते. मॅथ्यूज परतला त्या सामन्याला आले ३५,९७४. हे जास्तीचे सत्तावीस हजार म्हणजे चौदा वर्षांपूर्वी 'जाऊ दे' म्हणणारे की 'जाऊ नये' म्हणणारे, हे ओळखायला काही मार्ग नाही, कारण अशा दिवशी सगळेच छाती ठोकून सांगतात, "मी तेव्हाच म्हटलं होतं!" दीड हंगामात स्टोक पहिल्या डिव्हिजनमध्ये चढलं. ते चढणं ज्या सामन्यात नक्की झालं, त्यात अठ्ठेचाळीस वर्षांच्या मॅथ्यूजनं गोल केला. १९६५ च्या फेब्रुवारीत, वयाला पन्नास वर्षं आणि पाच दिवस झाले असताना, तो शेवटचा लीग सामना खेळला. निवृत्ती जरा लवकरच घेतली, असं पुढे तो म्हणत असे.

या प्रकृतीचं रहस्य काय? दारू नाही, पहाटेची धाव, गाजराचा रस, आणि वडिलांपासून चालत आलेला सोमवारचा उपास. आमच्या आईनं हे वाचलं असतं तर तिला बाकीच्या फुटबॉलमध्ये गम्य उरलं नसतं.

मॅथ्यूजच्या गोष्टीवरून दुसरा पक्ष लगेच म्हणेल, बघा, म्हाताऱ्यांना घालवू नये. पण त्यांनी लिव्हरपूलला जावं. तिथे बिल शँक्ली नावाचा स्कॉटिश मॅनेजर होता. १९५९ च्या अखेरीला तो आला तेव्हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. त्यानं तो वर काढला, १९६४ आणि १९६६ साली लीग आणि मध्ये १९६५ साली एफ.ए. कप जिंकून दिला. ज्या खेळाडूंनी हे केलं त्यांच्यावर त्याचा जीव बसला. जीव बसला की डोळे मिटतात. यीट्स, सेंट जॉन, लॉरेन्स ही नावं दर शनिवारी संघात लागत राहिली, त्यांच्या पायांतला वेग वर्षाला चिमूटभर कमी होत राहिला, आणि शँक्लीला तो दिसेना. १९६६ नंतर सात वर्षं कपाटात नवा कप आला नाही. अखेर २१ फेब्रुवारी १९७० रोजी एफ.ए. कपात लिव्हरपूल वॉटफर्डकडून १-० असं हरलं. वॉटफर्ड म्हणजे तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनच्या तळाशी धडपडणारा संघ. त्या संध्याकाळी शँक्लीचे डोळे उघडले. म्हातारी फळी मोडली, क्लेमेन्स, टोशॅक, किगन अशी पोरं आली, आणि १९७३ मध्ये लीग पुन्हा घरी आली. म्हणजे पहिला पक्षही बरोबर!

गंमत पुढेच आहे. खेळाडूंना घालवणं जमलेल्या या माणसाला स्वतःचं जाणं जमलं नाही. १२ जुलै १९७४ रोजी, साठाव्या वर्षी, त्यानं अचानक निवृत्ती जाहीर केली. लिव्हरपूलच्या रस्त्यांवर माणसं खरं मानायला तयार नव्हती. आणि मग शँक्ली सकाळी सरावाच्या मैदानावर यायला लागला. सहज. तब्येतीसाठी. खेळाडू सवयीनं त्याला 'बॉस' म्हणत, आणि शेजारी नवा बॉस बॉब पेस्ली उभा. शेवटी, तुम्ही न आलात तर बरं, असं त्याच्या कानावर घालावं लागलं. त्यानंतर लिव्हरपूलचा हा दैवतासारखा माणूस कट्टर शेजाऱ्यांच्या, म्हणजे एव्हर्टनच्या, मैदानावर जाऊ लागला. तिथे त्याचं चांगलं स्वागत झालं. घरच्यांनी दार लावलं की शेजारचा चहा गोड लागतो, पण तो चहा पिताना डोळे मात्र आपल्याच दाराकडे असतात.

आमच्या कचेरीतल्या एका हेडक्लार्कांचं असंच झालं. शाल-श्रीफळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेदहाला हजर. "सहज आलो." पहिल्या आठवड्यात शिपायानं न सांगता चहा आणला. दुसऱ्या आठवड्यात सांगितल्यावर आणला. ते नव्या माणसाला कोणती फाईल कुठे आहे ते सांगत. त्यांनीच ती तिथे लपवलेली असल्यानं ते उपयोगीही पडे. तिसऱ्या आठवड्यात त्यांची नेहमीची खुर्ची कोणीतरी दुसऱ्या टेबलाला नेली. कोणी काही बोललं नाही. त्यांनी खुर्ची गेलेल्या जागेकडे पाहिलं, छत्री उचलली, आणि "बरं, येतो" म्हणून निघाले. ते 'येतो' म्हणाले तेव्हा आम्ही सगळे फार कामात होतो. इतके कामात आम्ही त्याआधी आणि त्यानंतर कधीच नव्हतो.

जायची वेळ कोणती, हे अशा रीतीनं कोणालाच नक्की सांगता येत नाही. मॅथ्यूजला अठरा वर्षं आधी हाकललं, शँक्लीची माणसं चार वर्षं जास्त राहिली. ते हिशेब चुकायचेच. पण जाणाऱ्याला सांगायचं कसं, ते मात्र सांगणाऱ्याच्या हातात असतं, आणि तिथे शहाणीसुरती माणसं हमखास माती खातात. सेंट जॉनला आपण संघात नाही हे बाहेरच्या माणसाकडून कळलं. इटलीत युव्हेंटस क्लबच्या देल पिएरोला, हा तुझा शेवटचा हंगाम, ही बातमी २०११ साली भागधारकांच्या सभेतल्या अध्यक्षांच्या भाषणातून मिळाली. म्हणजे नफा-तोटा, लाभांश, देल पिएरो आणि आभारप्रदर्शन. आपल्या सुनील छेत्रीचं त्या मानानं बरं. त्यानं २०२४ च्या जूनमध्ये कोलकात्यात भरल्या डोळ्यांनी आणि भरल्या मैदानात आपण होऊन निरोप घेतला, आणि पुढच्या मार्चमध्ये, चाळिशीत, परत बोलावल्यावर येऊन मालदीवविरुद्ध गोलही केला. आपल्या सरकारी परंपरेत याला मुदतवाढ म्हणतात.

पण सांगण्याच्या बाबतीत सर्वांत जीवघेणी गोष्ट डेनिस लॉची. १९६२ साली मँचेस्टर युनायटेडनं त्याला १,१५,००० पौंडांना आणलं. अकरा हंगामांत त्यानं २३७ गोल केले. गोल झाला की एक हात वर, सदऱ्याची बाही मुठीत धरलेली, एवढीच त्याची खूण. गोलमागच्या स्टँडातली गर्दी त्याला 'राजा' म्हणे. मग गुडघा बिघडला आणि तो तेहतिशीला आला. १९७३ च्या उन्हाळ्यात नव्या मॅनेजरनं त्याला मोकळं केलं. हिशेबानं यात फार चूक नव्हती. लॉनं पुढे सांगितलं ते असं, की सन्मानानं निवृत्त व्हायचं त्याच्या मनात होतं, आणि तो आपल्या गावी, ॲबर्डीनला, मित्रमंडळींत बसलेला असताना टेलिव्हिजनवर बातमी लागली की युनायटेडनं डेनिस लॉला सोडलं. राजाचं राज्य गेलं हे राजाला प्रजेबरोबरच कळलं.

तो त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबात, मँचेस्टर सिटीत गेला. आणि २७ एप्रिल १९७४ रोजी युनायटेडच्याच मैदानावर सिटीकडून उतरला. युनायटेड दुसऱ्या डिव्हिजनच्या कड्यावर लोंबकळत होतं. नऊ-दहा मिनिटं राहिली असताना चेंडू लॉच्या पायाशी आला. गोलकडे त्याची पाठ होती. त्यानं सवयीनं टाच मारली. चेंडू आत.

बाही धरलेला तो हात या वेळी वर गेला नाही. सिटीचे खेळाडू मिठ्या मारत होते आणि हा मान खाली घालून, घरात काचेचं भांडं फोडलेल्या पोरासारखा, उभा. लगेच त्याला बाहेर बोलावून बदली खेळाडू पाठवला. प्रेक्षक मैदानात घुसले, सामना तिथेच थांबला, पण निकाल कायम राहिला. छत्तीस वर्षांनी युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. त्या दिवशी बर्मिंगहॅम जिंकल्यामुळे लॉनं टाच मारली नसती तरी ते गेलंच असतं. पण अशी कारणमीमांसा वाद घालणाऱ्यांना कधीच चालत नाही. लीगमधला लॉचा हा शेवटचा गोल. आयुष्यभर त्याला याबद्दल विचारलं गेलं, आणि आयुष्यभर त्याला तो आवडला नाही.

ज्यांनी त्याला जाऊ दिलं त्यांचा राग त्याच्या टाचेत उतरायला हवा होता, असं आपल्याला वाटतं. पण ज्या स्टँडानं राजा म्हटलं तिच्यासमोर सूड घ्यायला लागतो तो राग त्याच्याजवळ नव्हताच. त्याचं भांडण सांगण्याच्या रीतीशी होतं, आणि गोल बसला भलत्यांनाच.

युनायटेड वर्षभरात वर आलं. पुढे लॉचा पुतळा उभा राहिला, मग बेस्ट आणि चार्लटन यांच्यासह दुसरा. १७ जानेवारी २०२५ रोजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो गेला तेव्हा मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांची माणसं हळहळली. १९७३ मध्ये त्यानं जायला हवं होतं की नको होतं, यावर त्या दिवशी कोणी वाद घातला नाही. बातमी याही वेळी टेलिव्हिजनवरच आली. फक्त ती आपल्याला आधी सांगितली नाही, अशी तक्रार करायला तो तेवढा नव्हता.